बटाट्याच्या शेजारी वाल

आप्पा अळ्या नुसत्या हाताने मारायचे. चिमटीत धरायची, पिचकवायची, बोटं लेंग्याला पुसायची आणि पुढचं पान उलटायचं. सकाळी सातला मी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी राहायचे, तोवर त्यांच्या लेंग्यावर मांडीपाशी हिरवे डाग पडलेले असायचे. मोठ्या शंखाच्या गोगलगायी कलकत्त्यात पावसाळा संपला तरी संपत नाहीत. त्यांच्यासाठी कुंपणापाशी अर्धी वीट ठेवलेली होती. बारक्या गोगलगायी मिठाच्या डब्यात जायच्या. उंदराला कुदळीचा दांडा. "बाग करायची म्हणजे आधी जीव घ्यायला शिकायचं," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना त्यांना मजा यायची हे मला दिसायचं. मला ते बघवत नसे, तरी मी गप्प बसायचे. बाहेर मारताहेत ना, मारू देत. घरात नाही ना मारत, एवढंच मी पाहत होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. अलिबागकडच्या एका शेतकी शाळेत जन्मभर मास्तर होते. माझ्या लहानपणी ते मला कामटीने मारायचे. कामटी म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी, रोपाला आधार द्यायला शेजारी रोवतात ती. शाळेच्या बागेतून येताना त्यांच्या पिशवीत दोन-चार असायच्याच. मारायचे ते पोटऱ्यांवर, कारण त्यांच्या मते पोटरीला इजा होत नाही, नुसतं झोंबतं. हे सांगणाऱ्याच्या पोटरीवर कधी कामटी पडलेली नसते. एकदा पाढा चुकला म्हणून, एकदा दूध उतू गेलं म्हणून, आणि कितीदा तरी कशासाठी ते मला आजही माहीत नाही. आई आत भाकऱ्या थापत असायची. मी ओरडायला लागले की थापण्याचा आवाज वाढायचा.

मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातच मी ठरवलं होतं की हिच्यावर कुणाचाही हात उठणार नाही, माझा तर नाहीच. माझा स्वभाव पाहता ही सोपी गोष्ट नव्हती. मी आप्पांचीच मुलगी. राग आला की माझी कानशिलं तापतात आणि हाताला काहीतरी लागतं. मी ताटं आपटली आहेत, एकदा मोबाईल भिंतीवर फेकला आहे, पण दहा वर्षांत पोरीला बोट लावलं नव्हतं. ह्याचा मला गर्व होता. चारचौघांत मी तो बोलूनही दाखवायचे.

आई गेल्यावर आप्पा आठ महिने एकटे राहिले. एक दिवस अलिबागहून फोन आला की मास्तर दोन दिवस अंथरुणातून उठलेले नाहीत, चूल पेटलेली नाही. भावाने केव्हाच हात झटकले होते. मी बँकेत आहे, बदलीवर कलकत्त्याला येऊन तिसरं वर्ष होतं, आणि नवरा गुवाहाटीला, महिन्यातून एकदा येणारा. तरी मीच जाऊन त्यांना घेऊन आले. दमदम विमानतळावरून टॉलीगंजला येताना टॅक्सीतच मी अट घातली. "आप्पा, एक गोष्ट. माझ्या घरात ज्याचा हात उठेल, तो अलिबागला जाईल. मग परत यायचं नाही." मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. "बरं," म्हणाले. अलिबागला जाणं म्हणजे त्या बंद घरात एकट्याने मरणं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

आमचं क्वार्टर तळमजल्यावरचं. मागे जमिनीची एक चिंचोळी पट्टी, मध्ये तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे तेवढीच पट्टी शेजाऱ्यांची. आप्पांनी आल्याच्या तिसऱ्या दिवशी कुदळ मागितली. नोव्हेंबरात मी त्यांना सियालदहच्या घाऊक बाजारात नेलं आणि तिथून त्यांनी बेण्याचे बटाटे आणले, एकेक नखाने टोकरून, डोळे मोजून. घरी आल्यावर सुरी विस्तवावर धरून त्यांचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला दोन डोळे राखून, आणि कापलेल्या बाजूला राख चोळली. माझी मुलगी उकिडवी बसून हे सगळं बघत होती. तिचं मराठी म्हणजे आनंदच. घरात आम्ही दोघीच, शाळेत इंग्रजी आणि बंगाली, खाली खेळायला गेली की हिंदी. आप्पा आल्यापासून ती त्यांच्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करत होती, आणि माझ्या पाठीवर कधी न फिरलेला त्यांचा हात तिच्या पाठीवरून फिरताना मी पाहत होते. मला बरं वाटायचं आणि रागही यायचा.

"बटाट्याला शेजार बघून द्यावा लागतो," आप्पा तिला शिकवत होते. "वाल सज्जन. त्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यातून तो जमिनीला खायला घालतो. झेंडू मातीतल्या सूत्रकृमींना पळवतो. कोथिंबीर फुलावर येऊ द्यायची, मग मावा खाणारे किडे येतात. पण टोमॅटो, वांगं, मिरची जवळ नको. ती बटाट्याची भावकी. एकाला करपा आला की सगळ्या कुळाला लागतो."

"भावकी मतलब?"

"सेम फॅमिली," मी आतून सांगितलं.

"मग फॅमिली जवळ नाही राहायची?"

"बटाट्यात नाही," आप्पा म्हणाले.

वाल त्यांनी अलिबागहून आणले होते, गावचे कडवे वाल, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून. बाकीची ट्रंक हरवली असती तरी चाललं असतं, ती पुरचुंडी मात्र विमानात त्यांच्या मांडीवर होती. बटाट्याच्या दोन वरंब्यांच्या मध्ये आणि दोन्ही बाजूंना वालाची एकेक ओळ, कडेने झेंडू, मध्येमध्ये कोथिंबीर. प्रत्येक ओळीच्या टोकाला कामटी रोवली आणि कामटीला पत्र्याची चौकोनी पाटी, तिच्यावर रंगाने नाव. बटाटा. वाल. झेंडू. शाळेची सवय. त्या कामट्या बांबू आणून त्यांनी घरीच चिरल्या. चिरताना आवाज आला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले होते.

कुंपणापलीकडे मेशोमशाय राहायचे. माझ्याच बँकेतल्या एका अधिकाऱ्याचे वडील, निवृत्त ग्रंथपाल. अंगाने आप्पांच्या निम्मे, पोटात वाचलेली पुस्तकं फार. सकाळी कानटोपी घालून ते मागच्या पायरीवर पेपर वाचायचे. मावशीच्या नवऱ्याला बंगालीत मेशो म्हणतात, म्हणून मी त्यांना मेशोमशाय म्हणायचे आणि मुलगी दादू म्हणायची. त्यांनी नेमके कुंपणाला लागून चौदा टोमॅटो लावले होते. आमच्या बटाट्यांपासून हातभर अंतरावर.

आप्पांनी नोव्हेंबरात सांगितलं, डिसेंबरात सांगितलं. "बाबूजी, ये टमाटर हटाव. मेरे आलू को रोग होयेगा." आप्पांची हिंदी म्हणजे मराठीच, हेल काढून. शिवाय मास्तरी आवाज, त्यामुळे विनंतीसुद्धा छडी उगारल्यासारखी ऐकू यायची. मेशोमशाय पेपराआडून म्हणाले, "तो आप आलू हटा लीजिए." ह्यात चूक काहीच नव्हतं. मी आप्पांना तसं बोललेही. आप्पा म्हणाले, "तुला बँकेतलं कळतं. करप्यातलं मला कळतं."

जानेवारीत तीन दिवस धुकं हटलं नाही. चौथ्या दिवशी टोमॅटोच्या खालच्या पानांवर काळे पाणचट डाग आणि पान उलटलं की पांढरी बुरशी. ती मी पाहिली नाही, आप्पांनी पाहिली. मला ऐकू आलं ते मुळं मातीतून उपटतानाचं. मी दारात गेले तर आप्पा कुंपण ओलांडून पलीकडच्या पट्टीत होते आणि दोन्ही हातांनी टोमॅटोची रोपं उपटत होते, कच्च्या-पिकल्या फळांसकट. उपटायची आणि मागे फेकायची. फळं भिंतीवर फुटत होती. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तीस वर्षांनी पाहत होते आणि माझ्या पोटऱ्या आपोआप आखडल्या.

मेशोमशाय बाहेर आले. कानटोपी, शाल, हातात चहा.  मग त्यांनी कप खाली ठेवला, आमच्या कुंपणापाशी ठेवलेली गोगलगायींची अर्धी वीट उचलली आणि फेकली. ती आप्पांच्या भुवईवर बसली. रक्त एकदम डोळ्यात उतरलं. आप्पांनी दोन ढांगांत त्यांना गाठलं, स्वेटरची मूठ धरली आणि दुसऱ्या हाताने कमरेला खोचलेलं खुरपं उपसून वर उचललं.

मी कुंपणावरून कशी गेले मला आठवत नाही. साडी तारेला अडकून फाटली एवढं नंतर दिसलं. मी खुरपं धरलं ते पात्याकडून. तळवा उभा चिरला गेला, आजही तिथे पांढरी रेघ आहे. आप्पांनी माझं रक्त पाहिलं आणि खुरपं सोडून दिलं. मेशोमशाय बंगालीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, मेरे फेलबे, मेरे फेलबे. मारून टाकतील. मला वाटतं, मारलंही असतं.

दवाखान्यातून टाके घालून आलो. माझे चार, त्यांचे तीन. स्वयंपाकघरात मी त्यांना समोर बसवलं.

"हात उठला होता, आप्पा."

"पडला नव्हता."

उठला की पडला, ह्यावर मी अख्खा दिवस घालवला. दोनदा तिकीट पाहिलं, दोनदा बंद केलं. शेवटी मुलीसमोरच सांगितलं, "ही शेवटची. पुन्हा उठला तर मी स्वतः नेऊन सोडीन." त्यांनी मान हलवली. मग उठून सिंकमधली भांडी घासायला लागले. आईच्या हयातीत त्यांनी एक पेला विसळला नव्हता.

त्यानंतरचे पंधरा दिवस ते बागेत मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारत होते. बटाट्याची दोन रोपं गेली, बाकी तगली. करपा मागे हटला. वाल कमरेएवढा झाला, पांढऱ्या फुलांवर आला, शेंगा धरल्या. पलीकडची पट्टी उघडी पडली होती, तिथे नुसती एक शेंगांची वेल भिंतीवर चढलेली. मेशोमशाय पायरीवर बसायचे बंद झाले. जिन्यात भेटले की तोंड फिरवायचे, आणि त्यांचा मुलगा ऑफिसात माझ्याशी कामापुरतं बोलायचा.

ह्याच दिवसांत आप्पा संध्याकाळी मुलीबरोबर जमिनीवर पाटी घेऊन बसायला लागले. मी विचारलं तर म्हणाली, "आजोबा बांग्ला शिकतात." मला हसू आलं. सरस्वतीपूजा जवळ आली होती. त्या दिवशी इथे लहान पोरांना पहिलं अक्षर गिरवायला बसवतात. मी म्हटलं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी का होईना, मास्तरांचा श्रीगणेशा होऊ दे. हसले आणि विसरले. माझं लक्ष असायला हवं होतं.

पूजेच्या दिवशी बँकेला सुट्टी. पहिलं अक्षर गिरवणारी पोरं सोडली तर इथे त्या दिवशी कुणी पुस्तक उघडायचं नाही, अक्षर लिहायचं नाही, सगळं देवीपुढे ठेवायचं. मी पिवळी साडी नेसून कॉलनीच्या मंडपात गेले, अंजली वाहिली आणि खिचडीच्या रांगेत उभी होते, तेवढ्यात आमच्या इमारतीच्या मागून ओरडण्याचा आवाज आला. आवाज मेशोमशायांचा होता. मी रांग सोडून धावले.

कुंपणाला लागून असलेली वालाची ओळ आडवी झाली होती. मुळापासून मोडलेली, तुडवलेली, शेंगा मातीत. मेशोमशाय कुंपणाच्या अलीकडे, आमच्या पट्टीत होते. इस्त्रीचं धोतर, पांढरा झब्बा, कपाळाला पूजेचं चंदन. त्यांच्या हातात कामटी होती, टोकाला पत्र्याची पाटी लटकत होती, आणि त्या कामटीने ते आप्पांना मारत होते. खांद्यावर, दंडावर, छातीवर. मारताना प्रत्येक फटक्याला बंगालीत विचारत होते, घरात माझी सून आहे, माझी नात आहे, हे त्यांनी वाचायचं? हे? वरच्या खिडक्यांत माणसं जमली होती.

आप्पा उभे होते. चष्मा खाली पडलेला, हात पाठीमागे. आधी मला वाटलं हात कुणी बांधलेत. मग दिसलं की त्यांनी डाव्या हाताने उजव्याचं मनगट घट्ट धरलं होतं. ते मार खात होते आणि हात उठू देत नव्हते.

मी कामटी हिसकावून घेतली आणि पाटी वाचली. तीन वर्षांत मला बंगाली वाचता यायला लागलं होतं. वाकडीतिकडी, मोठी अक्षरं, निळा रंग, खाली एक फूल काढलेलं. 'आपनार जोन्नो बाल.' तुमच्यासाठी, आणि पुढे तो शब्द.

हिंदीत बाल म्हणजे नुसते केस. बंगालीत तो घाणेरडा शब्द आहे. कमरेखालच्या केसांना म्हणतात, आणि शिवीसारखा तोंडावर मारतात. रिक्षावाल्यांच्या भांडणात ऐकलेला, ऑफिसात दबक्या आवाजात ऐकलेला. आणि हा कुंपणापाशी रोवलेला, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून. सरस्वतीपूजेच्या दिवशी.

तेवढ्यात मुलगी दारातून बाहेर आली. पिवळा फ्रॉक, बोटांना निळा रंग. नुकतीच अंघोळीतून आली असावी, तिला पुढचं काही ठाऊक नव्हतं. माझ्या हातात पाटी दिसल्यावर तिचा चेहरा उजळला. "आई! मी लिहून दिली आजोबांना! मी शिकवली!"

मला वाटलं, शाळेतून आणलेली घाण हिने म्हाताऱ्याला शिकवली. गंमत म्हणून. त्याला काय कळतंय म्हणून. आणि त्याने चौऱ्याहत्तराव्या वर्षी ह्या पोरीच्या थट्टेपायी मार खाल्ला. हे सगळं मी आत्ता लिहिताना जोडते आहे. तेव्हा मी काही विचार केला नाही. कानशिलं तापली आणि हातात कामटी होतीच.

पहिला फटका मला आठवतो. डाव्या पोटरीवर, आडवा. आवाज ओळखीचा होता. दुसरा आणि तिसरा आठवत नाहीत, पण वळ तीन होते, तेव्हा मारले असणार. ती ओरडली नाही, नुसतं तोंड उघडं राहिलं. आणि मला थांबायचं नव्हतं. हे लिहायची लाज वाटते, पण खोटं लिहिणार नाही. त्या क्षणी मला बरं वाटत होतं.

चौथा फटका आप्पांनी धरला. कामटी वरच्या वर पकडली. पाटीची पत्र्याची धार त्यांच्या तळव्यात गेली तरी सोडली नाही.

"वाल आहे गं तो," ते म्हणाले.  "वाल. माझा वाल."

मला कळेना. ते खाली बसले, तुडवलेल्या ओळीतून एक शेंग उचलली, अंगठ्याने फोडली आणि दाणे तळहातावर घेऊन मला दाखवले, मग मेशोमशायांना. दाण्यांना त्यांचं रक्त लागलं होतं. "वाल. ये वाल. आपके टमाटर मैंने उपटा. इसलिये ये पूरी लाईन आपके लिये. आपनार जोन्नो." शेवटचे दोन शब्द त्यांनी बंगालीत म्हटले, मुलीने शिकवले होते तसेच.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बंगालीत व आणि ब एकच अक्षर. वेगळा व त्यांच्याकडे नाहीच. दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकवलं तसंच लिहिलं होतं. आजोबांनी विचारलं व कसा काढायचा, तिने काढून दाखवला. शिवी तिला माहीत नव्हती. आप्पांना माहीत असण्याचा प्रश्न नव्हता. मला माहीत होती.

मेशोमशाय आप्पांच्या तळहातावर वाकले. एक दाणा उचलून पाहिला. शेंग पाहिली. मग मान वळवून स्वतःच्या भिंतीवरच्या वेलीकडे पाहिलं, तिलाही तशाच शेंगा लटकत होत्या. "ए तो शीम," ते म्हणाले. ही तर शीम. वालाला बंगालीत शीम म्हणतात. मग त्यांनी आमचा शब्द म्हणून पाहिला. त्यांच्या तोंडातून पुन्हा तोच, त्यांचा शब्द बाहेर पडला. ते दचकले. वरंब्यावर, इस्त्रीच्या धोतरानिशी, बटाट्याच्या रोपांत खाली बसले आणि कपाळावर हात मारून छी छी म्हणत राहिले. वरच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या.

घरात मी मुलीच्या पोटऱ्यांना बर्फ लावायला गेले. तिने पाय जवळ ओढून घेतले आणि बर्फ स्वतः लावला. मी चुकले म्हटलं, दोनदा म्हटलं, तिच्या पाया पडायला तयार होते. तिने ऐकून घेतलं. आप्पा पलीकडच्या खोलीत ट्रंक काढून बसले होते.

"तुम्ही कुठे निघालात?" मी विचारलं. "तुमचा हात उठला नाही."

"हात माझा नव्हता," ते म्हणाले. "कामटी माझीच."

मुलगी मागून आली होती. लंगडत. तिने ट्रंकेचं झाकण लावून त्याच्यावर बसकण मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आजोबांनी हात मागे ठेवला होता. मी बघितली. टॅक्सीत तू बोलली होती, ज्याचा हात उठेल तो अलिबागला जाईल." तिने थोडं थांबून शब्द जुळवले. "मग तू कधी जाते?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. नियम मीच केलेला, तिला तो पाठ होता, आणि त्याचं पुढे काय होतं हे तिला जाणून घ्यायचं होतं.  

कुणीच गेलं नाही. आप्पांनी ट्रंक परत माळ्यावर टाकली. बागेतल्या सगळ्या कामट्या उपटून मी गुडघ्यावर मोडल्या. शेवटची मोडताना तिचं टोक माझ्या मांडीत घुसलं आणि मला ते आवडलं. मेशोमशाय दुसऱ्या दिवशी झाकलेल्या वाटीत मोहरी घातलेली शीम घेऊन आले आणि आप्पांच्या खांद्यावरचे वळ बघून दारातच रडले. आप्पांनी त्यांना आत घेतलं, बसवलं. दोघं आता पायरीवर एकच पेपर दोन भागांत वाटून घेतात, आणि आप्पांना त्यातलं निम्मंही वाचता येत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी बटाटे काढले. दोन वरंबे, पाच-सहा किलो असतील. कुदळ लागून दोन-चार चिरले, तेच आधी खायचे म्हणून मी रात्रीच्या जेवणाला त्यांची भाजी केली. वाचलेल्या दोन ओळींचे वाल सोलून त्यात घातले, वर खोबरं, जशी आई करायची. मुलीच्या पोटऱ्यांवरचे वळ तोवर गेले होते. मी रोज बघत होते, म्हणून मला माहीत आहे.

मी तीन ताटं मांडली. माझ्या शेजारची खुर्ची मागे ओढून ठेवली, ती तिथेच बसायची, लहान होती तेव्हापासून. ती आली, भाजी वाढून घेतली, ताट उचललं आणि टेबलाच्या पलीकडे आप्पांच्या शेजारी जाऊन बसली. रुसलेली नव्हती. आप्पांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान खाली घालून वाल निवडून खायला लागले. हे किती वर्षं चालतं, ते त्यांना माहीत होतं.